एक टक्का नॅनोट्यूब, सव्वादोनपट वाहकता: बाकीची उष्णता कुठे अडली?

२००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मायकेल बिअरकक, जॉन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या औद्योगिक इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट पॉलिमरमध्ये, एकपदरी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळल्या. प्रमाण होतं वजनाने फक्त १ टक्का. नळ्या शुद्ध केलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर कुठलीही रासायनिक प्रक्रिया केलेली नव्हती. तरी खोलीच्या तापमानाला मिश्रणाची उष्णतावाहकता १२५ टक्क्यांनी वाढली, म्हणजे सव्वादोनपट झाली. कडकपणाही वाढला: २ टक्के नळ्या घातल्यावर विकर्स कडकपणा साडेतीनपट भरला.

त्या काळात ही बातमी म्हणून गाजली आणि ते साहजिक होतं. चिपमधली उष्णता बाहेर काढणं ही इलेक्ट्रॉनिक्सची कायमची डोकेदुखी. चिपवर तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक असतो, पण चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या फटीत कुठला ना कुठला पॉलिमर येतोच: थर्मल पेस्ट, चिकटवणारी इपॉक्सी, पॉटिंगचा राळेसारखा लगदा. तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, इपॉक्सीची सुमारे ०.२. दोन हजारपट फरक. सगळी साखळी त्या पातळ थरापाशी अडते. म्हणून पॉलिमरमध्ये काहीतरी घालून त्याची वाहकता वाढवायची धडपड जुनी आहे. अ‍ॅल्युमिना, बोरॉन नायट्राइड, चांदीची भुकटी हे नेहमीचे फिलर. अडचण अशी की त्यांचा परिणाम दिसायला ते भरमसाट घालावे लागतात. आकारमानाने निम्मा डबा फिलरनेच भरतो, मग पेस्ट जड होते, पसरत नाही, सुईतून निघत नाही. एका टक्क्यात काम भागत असेल तर कुणाला नको?

पण त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. सव्वादोनपट का? इतकी कमी का?

कागदावरचा हिशेब

एकेकट्या नॅनोट्यूबची वाहकता किती, याचं उत्तर तोवर आलेलं होतं. २००० साली मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड टोमानेक यांच्या गटाने संगणकावरच्या आकडेमोडीतून ६६०० हा आकडा मांडला. २००१ मध्ये बर्कलीतल्या किम, शी, मजुमदार आणि मॅक्यूएन यांनी प्रत्यक्ष एक बहुपदरी नळी दोन सूक्ष्म तरंगत्या पट्ट्यांवर टांगून मोजणी केली आणि खोलीच्या तापमानाला ३००० वॅट प्रति मीटर-केल्विनहून जास्त वाहकता नोंदवली. तांब्याच्या सातपटीहून अधिक. हिऱ्यालाही मागे टाकणारी.

आता सरळ गणित करू. १ टक्का नळ्या, प्रत्येकीची वाहकता ३०००, सगळ्या एका दिशेने लावलेल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड: मिश्रणाची त्या दिशेतली वाहकता ३० झाली पाहिजे. वास्तवात नळ्या वाटेल तशा पडलेल्या असतात, म्हणून एक तृतीयांश धरू: १०. मूळ इपॉक्सी ०.२. म्हणजे पन्नासपट वाढ. नळ्या शुद्ध नव्हत्या, त्यांत धातूचे कण आणि काजळी होती, म्हणून आणखी निम्मं वजा करा. तरी पंचवीसपट उरते. हाती आली सव्वादोनपट.

हा फरक प्रयोगाच्या चुकीचा नव्हता. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच प्रयोगशाळांनी असे नमुने बनवले आणि बहुतेकांना पेनसिल्व्हेनियाइतकंही यश मिळालं नाही. २००६ मध्ये केंब्रिजच्या गटाला तर बहुपदरी नळ्यांनी वाहकतेत जेमतेम वाढ दिसली. मला विचाराल तर २००२ चा निबंध हा या विषयातल्या चांगल्या निकालांपैकी एक होता, आणि चांगला निकालच जर अपेक्षेच्या विसावा हिस्सा असेल तर दोष नमुना बनवणाऱ्याच्या हातात शोधण्यात अर्थ नाही.

त्या निबंधातच एक खूण दडलेली होती. नळ्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे कार्बन तंतू घातले तर वाढ तिपटीने कमी, आणि ४० केल्विन तापमानाला नळ्यांची वाढ १२५ वरून ७० टक्क्यांवर उतरलेली. म्हणजे नळी काहीतरी करते आहे, मुळीच निष्क्रिय नाही. पण तिच्यात उष्णता पुरेशी पोचत नाही.

कुंपण मोजणं

१९४१ मध्ये मॉस्कोत प्योत्र कापित्झा द्रवरूप हीलियमवर काम करत होते. तापवलेल्या घन पृष्ठभागापासून हीलियममध्ये उष्णता जाताना बरोबर सीमेवर तापमानाची एक पायरी पडते, असं त्यांना आढळलं. दोन्ही पदार्थ उत्तम वाहक असले तरी सीमा स्वतःचा अडथळा घालते. पुढे त्याला कापित्झा रोध हे नाव पडलं. कापित्झांना १९७८ चं नोबेल मिळालं, तेही कमी तापमानाच्या भौतिकीतल्या कामासाठीच. घरगुती आकाराच्या वस्तूंमध्ये हा रोध कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण पदार्थ जाड आणि सीमा मोजक्या. नॅनोट्यूबचं नेमकं उलट आहे. तिच्यात आतला भाग असा जवळजवळ नाहीच, सगळी सीमाच.

हे किती टोकाचं आहे ते बघा. एकपदरी नळीच्या भिंतीत एकच अणू-थर असतो, म्हणून एका ग्रॅम नळ्यांचा बाहेरचा पृष्ठभाग सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १३०० चौरस मीटर भरतो. किलोभर इपॉक्सीत १० ग्रॅम नळ्या पूर्ण सुट्या करून घातल्या तर आत १३,००० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन एकरांची सीमा तयार होते. उष्णतेला मार्गात कुठेही वळायचं तर ती ओलांडावी लागते.

ही सीमा किती अडवते, ते २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड केहिल यांच्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं. स्कॉट हक्स्टेबल हे निबंधाचे पहिले लेखक, आणि सिद्धांताची बाजू न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेतल्या पावेल केब्लिन्स्की यांच्याकडे होती. पद्धत सुंदर होती. साबणासारख्या द्रव्याच्या कणांत गुंडाळलेल्या एकपदरी नळ्या जड पाण्यात तरंगत ठेवायच्या, लेझरच्या अतिलघू झटक्याने त्या एका क्षणात तापवायच्या आणि किती वेळात थंड होतात ते त्यांच्या प्रकाशशोषणावरून बघायचं. उत्तर: सुमारे ४५ पिकोसेकंद.

इथून पुढचं गणित कागदावर दोन ओळींत होतं. एका अणू-थराच्या कार्बन पत्र्याची उष्णताधारिता दर चौरस मीटरला सुमारे ५.३ गुणिले १० चा उणे ४ वा घात जूल प्रति केल्विन. तिला ४५ पिकोसेकंदांनी भागलं की सीमेची वाहकक्षमता मिळते: जवळजवळ १.२ कोटी वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन, म्हणजे १२ मेगावॅट. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. प्रत्यक्षात फार कमी आहे. चांगल्या जुळलेल्या घन पदार्थांमधल्या सीमांना हाच आकडा काहीशे मेगावॅटचा मिळतो.

त्याला इपॉक्सीच्या भाषेत आणलं की गोष्ट डोळ्यांपुढे येते. ०.२ वाहकतेच्या इपॉक्सीचा जेवढा थर तितकाच अडथळा घालेल, त्याची जाडी १६-१७ नॅनोमीटर. नळीचा व्यास सुमारे १.४ नॅनोमीटर. थोडक्यात नळीभोवती तिच्या व्यासाच्या दसपटीहून जाड इपॉक्सीचा अदृश्य लेप बसल्यासारखं. हक्स्टेबल आणि मंडळींनी निष्कर्षातच लिहिलं की नळीची स्वतःची वाहकता आणि तिचं प्रमाण एवढ्यावरून काढलेला अंदाज संमिश्रात कधीच गाठता येणार नाही. सीमा तो होऊ देणार नाही.

इथे एक सावधगिरी हवी, कारण पुढच्या लेखनात ती हरवली. १२ मेगावॅट हा आकडा साबणकणातल्या नळीचा आहे, इपॉक्सीतल्या नळीचा नाही. बरेच लोक तो थेट उचलून इपॉक्सीत बसवतात. ढोबळ मानाने तो बरोबर असावा, पण दशांश बिंदूपर्यंत जपण्यासारखा नाही.

सीमा अशी का वागते? नळीत उष्णता वाहते ती मुख्यतः अणूंच्या कंपनांतून, म्हणजे फोनॉनमधून. कार्बनचे बंध अत्यंत ताठ असल्यामुळे नळीची कंपनं ५० टेराहर्ट्झच्या आसपासपर्यंत पोचतात. इपॉक्सीच्या साखळ्या नळीला नुसत्या टेकलेल्या असतात. मधला दुवा फक्त व्हॅन डर वाल्स आकर्षणाचा, अगदी ढिला. अशा ढिल्या दुव्यातून नळीची मंद, लांब लयीची कंपनं तेवढी बाहेर झिरपतात. वेगवान कंपनं आतल्या आत फिरत राहतात आणि त्यांनी आधी आपली ऊर्जा मंद कंपनांना दिली तरच ती बाहेर येते. ज्या ताठपणामुळे नळी आतून इतकी उत्तम वाहक आहे, त्याच ताठपणामुळे ती बाहेरच्या मऊ पदार्थाशी बोलत नाही. या प्रकरणातली ही मला सगळ्यात रोचक वाटणारी बाब, कारण चांगली नळी वापरून हा प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो.

बीजिंगच्या त्सिंह्वा विद्यापीठातल्या नान त्सवन यांनी २००४ मध्ये हाच मुद्दा एका छोट्या सूत्रात बसवला. ते सूत्र मी स्वतः चालवून पाहिलं: १५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्यांच्या जुड्या, लांबी १ मायक्रोमीटर, प्रमाण १ टक्का, सीमारोध वरचाच. वाढ येते सुमारे १० टक्के. मग नळीची वाहकता ३००० ऐवजी ६००० धरली. उत्तर अर्ध्या टक्क्यानेही हललं नाही! लांबी मात्र १० मायक्रोमीटर केली तर वाढ एकदम १०० टक्क्यांवर जाते. सूत्र जरा कडक आहे, ते उष्णतेच्या बाजूने शिरण्याला पुरेसा मान देत नाही. पण कल बरोबर दाखवतं: जाहिरातीत छापलेला ३००० चा आकडा इथे जवळजवळ बिनकामाचा आहे, लांबी आणि सीमा या दोन गोष्टी हिशेब ठरवतात.

विजेला जमलं ते उष्णतेला का नाही?

त्याच २००२ च्या नमुन्यांत वीज मात्र झटकन वाहू लागली होती. नळ्यांचं प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्याच्या दरम्यान गेलं आणि विद्युतवाहकतेने उडी घेतली. नळ्यांचं जाळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळलं की असं होतं. याला परकोलेशन म्हणतात. २००३ मध्ये केंब्रिजच्या गटाने तर ०.००२५ टक्क्यातच हा उंबरठा गाठला. साहजिकच लोकांनी विचारलं: तेच जाळं उष्णता का वाहून नेत नाही?

उत्तर दोन पदार्थांमधल्या तफावतीत आहे. विजेच्या बाबतीत नळी आणि इपॉक्सी यांच्यात एकावर बारा, कधी त्याहूनही जास्त शून्यांचा फरक असतो. उष्णतेच्या बाबतीत फक्त चार शून्यांचा. विजेसाठी इपॉक्सी ही भिंत आहे, उष्णतेसाठी ती नुसती चिखलाची वाट. भिंतीत पहिली फट पडली की सगळा प्रवाह तिकडे धावतो. चिखलातून मात्र उष्णता आधीही चालतच होती, नवी वाट सापडली म्हणून तिला फार घाई नाही. शिवाय दोन नळ्या जिथे एकमेकींना टेकतात तो बिंदूही उष्णतेला अवघडच जातो. केब्लिन्स्की यांच्या गटाने २००५ मध्ये संगणकी गणनेने हे दाखवून दिलं आणि उष्णतेचं परकोलेशन शोधण्याची दौड बरीचशी थंडावली.

नळ्यांमधल्या या टेकणीचा धडा सर्वांत तिखटपणे आला २००९ साली. रवी प्रशेर (इंटेल आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ) आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सी पूर्ण काढून टाकली आणि फक्त नॅनोट्यूबची भुकटी दाबून मोजली. शंभर टक्के कार्बन नॅनोट्यूब, मध्ये पॉलिमरचा थेंबही नाही. वाहकता निघाली ०.२ च्या आसपास आणि त्याखाली. साध्या इपॉक्सीइतकी किंवा तिच्याहून कमी. जगातल्या सर्वोत्तम वाहकांचा ढीग करावा आणि उष्णतारोधक हाती यावा, असा प्रकार.

दुरुस्तीचे रस्ते आणि त्यांची किंमत

पहिला सुचणारा उपाय म्हणजे नळीच्या पृष्ठभागावर रासायनिक गट जोडून तिला इपॉक्सीशी घट्ट बांधणं. दुवा ताठ केला की कंपनं पलीकडे जातील. जातातही. पण प्रत्येक जोडलेला गट नळीच्या भिंतीतला एक कार्बन अणू बिघडवतो आणि तिथे नळीतून धावणारे फोनॉन विखुरतात. बर्कलीच्या मोजणीत नळीतल्या फोनॉनचा मोकळा पल्ला सुमारे अर्धा मायक्रोमीटर होता. भिंतीवर दर शंभरात एक अणू जरी बांधला तरी एवढा पल्ला मिळणं अशक्य. म्हणजे दार उघडायचं तर खोली पाडावी लागते. केब्लिन्स्कींच्या गटाची २००४ ची गणनाही हाच व्यवहार सांगते: बांधणीने सीमेचा रोध बराच घटतो, पण नळीची स्वतःची वाहकताही उतरते.

दुसरा उपाय लांब नळ्यांचा. बाजूने उष्णता आत शिरायला नळीला किती लांबी लागते याचा अंदाज काढता येतो. एकपदरी सुट्या नळीला, १२ मेगावॅटची सीमा धरून, सुमारे ०.३ मायक्रोमीटर लागतात. २० नॅनोमीटरच्या बहुपदरी नळीला मायक्रोमीटरभर. दोन्ही टोकांना शिरण्या-निघण्यात एवढी लांबी खर्ची पडते, म्हणून नळी त्याच्या कितीतरी पट लांब असली तरच काम होतं. इथे कारखान्यातली अडचण आडवी येते. नळ्या गुंतलेल्या जुड्यांत मिळतात, त्या सोडवायला अल्ट्रासोनिक यंत्राने तासन्‌तास हलवाव्या लागतात, आणि त्या झटक्यांत नळ्या तुटतात. जितकं चांगलं मिसळावं तितकी लांबी कमी. न मिसळावं तर जुडीच्या आतल्या नळ्या इपॉक्सीला भेटतच नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या नमुन्यात नेमक्या जाड जुड्या होत्या आणि तो यशस्वी ठरला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आळशी मिश्रणाने तिथे लांबी वाचवली असावी, हा माझा तर्क आहे, त्यांनी तसं म्हटलेलं नाही.

तिसरा रस्ता जास्त प्रामाणिक म्हणावा असा: मिसळणंच सोडून द्यायचं. नळ्या पृष्ठभागावर उभ्या, गवतासारख्या वाढवायच्या आणि मधल्या जागेत पॉलिमर ओतायचा, म्हणजे प्रत्येक नळी एका पृष्ठभागापासून दुसऱ्या पृष्ठभागापर्यंत अखंड. २००५ मध्ये त्सिंह्वाच्याच फॅन शौशान यांच्या गटाने सिलिकोन रबरात हे केलं. एक टक्क्याहूनही बऱ्याच कमी नळ्यांनी वाहकता दुपटीच्या वर गेली. इथेही आडवी आली ती टोकं. नळीची सगळी टोकं वरच्या धातूला भेटत नाहीत, काही अर्ध्यातच वाकतात. म्हणून पुढचं काम पॉलिमरकडून टोकांच्या जोडणीकडे सरकलं. जॉर्जिया टेकमधले बाराटुंडे कोला यांनी याच दिशेने काम करून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उभ्या नळ्या वाढवलेल्या थर्मल पट्ट्या बनवणारी कार्बाइस ही कंपनी काढली. पण ते संमिश्र राहिलेलं नाही, तो वेगळाच माल आहे.

आणि या सगळ्याला बगल देणारी एक वाट २०१० मध्ये एमआयटीतून आली. गँग चेन यांच्या गटाने पॉलिथिलीनच्या तंतूला इतकं ताणलं की त्याच्या साखळ्या एका रांगेत आल्या, आणि त्या तंतूची वाहकता १०४ वॅट प्रति मीटर-केल्विनपर्यंत गेली. ना नळी, ना फिलर. पिशवीचं प्लास्टिक आणि लोखंडाहून सरस वाहकता! पॉलिमर हा वाईट वाहक आहे कारण त्याच्या साखळ्या गुंता होऊन पडलेल्या असतात, हे त्यातून कळतं. अर्थात नॅनोतंतू ताणणं आणि बादलीभर पेस्ट बनवणं यांत फार अंतर आहे, आणि ती वाहकता एकाच दिशेत मिळते.

आज कुणी उत्पादक नॅनोट्यूब घातलेली थर्मल पेस्ट घेऊन आला, तर मी त्याला नळीची वाहकता विचारणार नाही. मी विचारीन: सांध्याचा एकूण उष्णतारोध किती, किती जाडीच्या थरात आणि किती दाबाखाली मोजला? तीच जाडी, तोच दाब ठेवून अ‍ॅल्युमिनाच्या पेस्टचा आकडा किती? मिसळल्यानंतर नळीची सरासरी लांबी कुणी मोजली आहे का? आणि पेस्ट वीज वाहू लागते का? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ०.१ टक्क्यालाच जाळं जुळत असेल, तर सर्किट बोर्डवर सांडलेला एक ठिपका दोन पायांत शॉर्ट करू शकतो. बोरॉन नायट्राइडला ही भीती नाही.

पॉलिमरमधल्या नॅनोट्यूबला मोठी बाजारपेठ मिळाली ती विजेच्याच बाजूने. मोटारींच्या इंधननळ्यांच्या नायलॉनमध्ये स्थिर वीज साठू नये म्हणून बहुपदरी नळ्या १९९० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि आता लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये बाइंडर पॉलिमरसोबत त्या वीजवाहक म्हणून घालतात. त्याच बॅटरीच्या सेलखाली उष्णता बाहेर काढण्यासाठी जो जाडसर लगदा भरतात, त्यात बहुधा अ‍ॅल्युमिना असतं.